येशूसंघीयांची साल आणि बोरघाट

कर्जतहून खोपोलीस जाणारा लोहमार्ग पळसदरीस मुख्य मार्गापासून विलग होतो. बोरघाटाची चढणही याच परिसरात सुरू होते. या घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली आरंभले आणि १८६३ साली पूर्ण झाले. पंचवीस बोगदे खोदावे लागले. १८६१ साली मजुरांची संख्या बेचाळीस हजारांच्या घरात गेली होती. पटकी आणि ताप यांनी त्यांतील असंख्यांचा बळी घेतला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात आला आणि अल्पावधीतच आजारी पडून मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम पुढे पूर्ण करविले. तिचे नाव इतिहासाने जपले. मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

तापांपैकी हिवतापावरचे औषध तेव्हा जगाला ठाऊक होते. आपले वाडवडील त्यास 'कोयनेल' म्हणत. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात वाढणाऱ्या सिंकोना वृक्षाच्या सालीत ते असते. लिमा येथील येशूसंघाचे औषधनिर्माते ब्रदर आगुस्तिनो सालुम्ब्रिनो यांनी ती साल रोमला पाठविली. कार्डिनल हुआन दे लुगो यांनी ती रोममधील गोरगरिबांना वाटली. म्हणून तिला 'येशूसंघीयांची साल' हे नाव पडले आणि त्या नावापायीच अनेक प्रॉटेस्टंटांनी तिच्याकडे संशयाने पाहिले. पंथद्वेष रोग्याच्या उशाशीही येऊन बसतो, तो असा!

१८२० साली पेल्तिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सालीतून क्विनीन हे अल्कलॉइड वेगळे केले. हिवतापाचा परोपजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातून उरणारे विषारी द्रव्य तो निरुपद्रवी स्फटिकांत बदलतो. क्विनीन या क्रियेत अडथळा आणते, तेव्हा परोपजीवी स्वतःच निर्माण केलेल्या विषाने मरतो. मात्रा अधिक झाल्यास कानांत घणघण होते, दृष्टी मंदावते, हृदयाची लयही बिघडते. म्हणून हे औषध जपूनच द्यावे लागते.

परंतु औषध ठाऊक असणे आणि ते हाती पडणे यांत मोठे अंतर असते. भारतात सिंकोनाची लागवड निलगिरीत सुरू झाली ती १८६०-६१च्या सुमारास. म्हणजे घाटातील बोगदे अर्धेअधिक खोदून होत असताना. मजुराच्या वाट्याला स्वस्त कोयनेल यायला त्यानंतरही कित्येक वर्षे जावी लागली. महाबळेश्वरजवळील लिंगमळा येथेही लागवडीचा प्रयत्न झाला, पण तो फसला.

उत्तम जातीचे बियाणे बोलिव्हियातील मान्वेल इंक्रा मामानी या आदिवासी सेवकाने जमविले. ते १८६५ साली डचांनी विकत घेतले आणि जावा बेट क्विनीनचे माहेरघर बनले. मामानीला पुढे तुरुंगात मारहाण झाली व त्यातच त्याचा अंत झाला.

आज गंभीर हिवतापावर प्रथम आर्टेसुनेट देतात. क्विनीनचे स्थान दुय्यम झाले आहे. तरी या सालीचे ऋण मानताना ख्रिस्तसभेने केवळ ब्रदर आणि कार्डिनल यांच्याच सेवेचा गौरव करून थांबू नये. मामानी आणि बोरघाटातील ते अनाम मजूर यांचेही स्मरण आपल्या प्रार्थनेत असावे. आजारी माणसात प्रभूला पाहावे, असे शुभवर्तमान सांगते. मग ताप आलेल्या आदिवासी वाडीवर औषध वेळेवर पोहोचते की नाही, हा प्रश्न केवळ सरकारी दवाखान्याचा राहत नाही. तो आपलाही आहे.