गाडीवाचून गाठलेला सातपुडा

१/८
नागपूरहून कोराडीमार्गे सावनेरकडे जाणारा रस्ता आज औष्णिक विद्युत केंद्राच्या धुराड्यांमुळे ओळखला जातो. विदर्भातील यात्रेकरूंसाठी मात्र ही पिढ्यान्‌पिढ्या महादेवाच्या डोंगराची, म्हणजे पचमढीची वाट आहे. स्वतःचे वाहन नसलेल्यांनी ती कशी गाठली, त्याचा हा मागोवा.

२/८
पचमढीचा ‘शोध’ कॅप्टन जेम्स फॉर्सिथने लावला, असे पर्यटन-पुस्तिका सांगतात. त्याच्याच ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) या ग्रंथात मात्र महादेवाच्या यात्रेचे आणि यात्रेकरूंना गाठणाऱ्या पटकीचे वर्णन आहे. गोंड व कोरकू तर तेथील रहिवासीच होते. मग शोध कोणासाठी?

३/८
छिंदवाड्यापलीकडील जुन्नारदेव येथील देवस्थानाला ‘पहिली पायरी’ म्हणतात. पचमढी तेथून कितीतरी मैल दूर! परंतु पायी निघालेल्याचा डोंगर तेथूनच सुरू होई. हे नाव पायी चालणाऱ्यांच्या भूगोलातून आले आहे.

४/८
शेवटचा टप्पा चौरागडाचा. सुमारे तेराशे पायऱ्या, आणि खांद्यावर नवसाचा त्रिशूळ. महाशिवरात्रीला हा चढ चढणाऱ्यांत विदर्भातील शेतकरी-शेतमजूर मोठ्या संख्येने असतात.

५/८
१९१३ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेचा नागपूर–छिंदवाडा मार्ग सुरू झाला. रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. कोराडीजवळच्या खापरखेड्यावरून सावनेर, सौंसर, रामाकोना करीत ही छोटी गाडी घाट चढे. तिने पायपिटीचे कित्येक दिवस वाचवले.

६/८
२०१५ च्या अखेरीस ही गाडी रुंदीकरणासाठी थांबली. ब्रॉडगेज पूर्ण होईपर्यंतची वर्षे वाटेवरच्या गावांनी बसच्या भरवशावर काढली. रेल्वेच्या इतिहासात या खंडाची नोंद एका ओळीत होते. प्रवाशाला तो रोज मोजावा लागतो.

७/८
नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा भरते. सातपुडा व्याघ्र प्रकल्पातील ही अरण्यवाट त्या मोजक्या दिवसांतच खुली होते. नागपुरातून यात्रेसाठी एसटीच्या विशेष बसगाड्या सुटतात. पुढे दऱ्याखोऱ्यांतून पायीच.

८/८
गिर्यारोहणाचा इतिहास लिहिताना आपण या लोकांना ‘भाविक’ म्हणून बाजूला ठेवतो. डोंगराचा इतिहास साहेबाच्या बंगल्यापासून सुरू केला, की पायी आलेले त्यातून गळतात. आणि ते गळले, की त्यांची बस व पॅसेंजर गाडी कोणाला गरजेची वाटेनाशी होते. आपल्या आजी-आजोबांना विचारा : महादेवाला कसे गेला होतात? उत्तर खाली अवश्य नोंदवा. या इतिहासाची पुष्कळशी साधने अजून केवळ त्यांच्याच स्मृतीत आहेत.