आशा स्वयंसेविका व कामावर आधारित मोबदला

गावपातळीवर आरोग्याचे काम करणाऱ्या आशा स्वयंसेविकेला नियमित वेतनाऐवजी मुख्यतः केलेल्या कामानुसार पैसे देण्याची सरकारी पद्धत. लक्ष्य, मोजमाप, कंत्राट आणि कामगिरीप्रमाणे मोबदला ही बाजारातील तत्त्वे सरकारी कारभारात आणणाऱ्या विचाराला नव लोकव्यवस्थापन म्हणतात. क्रिस्टोफर हूड यांच्या 1991 मधील लेखाने ही संज्ञा रूढ केली. आशांच्या मोबदल्यात या विचाराची छाप दिसते.

पूर्वपीठिका : गावातल्याच स्त्रीने गावाचे आरोग्य सांभाळण्याचा प्रयोग रजनीकांत व मेबल आरोळे यांनी 1970 पासून महाराष्ट्रातील जामखेड येथे केला. छत्तीसगडमध्ये 2002 मध्ये अशाच गावातील आरोग्यसेविकांचा मितानिन कार्यक्रम सुरू झाला. एप्रिल 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारण 1,000 लोकसंख्येमागे एक आशा नेमण्याचे ठरवले.

कार्यपद्धती : दवाखान्यातील बाळंतपणाला प्रोत्साहन देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातील बाळंतपणामागे आशेला 600 रुपये मिळतात, त्यांतील निम्मे गरोदरपणातील सेवांसाठी, निम्मे दवाखान्यातील बाळंतपणासाठी. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला 42 दिवसांत ठरलेल्या सहा गृहभेटी दिल्यावर 250 रुपये मिळतात. लसीकरण, क्षयरोग उपचार यांचेही दर ठरलेले आहेत. नोंदवही, सर्वेक्षण अशा नेहमीच्या कामांसाठी केंद्राची रक्कम 2018 मध्ये दरमहा 1,000 वरून 2,000 रुपये झाली.

परिणाम : दवाखान्यातील बाळंतपण व लसीकरण यांसारख्या मोजता येणाऱ्या कामांना या पद्धतीने चालना मिळाली. पण कुटुंबाची समजूत काढणे, रात्री-अपरात्री रुग्णासोबत जाणे, गावाला आरोग्याच्या हक्कांसाठी उभे करणे ही कामे दरपत्रकात नीट बसत नाहीत. गरोदर स्त्री बाळंतपणाला माहेरी गेली किंवा तिने खासगी रुग्णालय निवडले, तर आधी केलेल्या पाठपुराव्याचा पूर्ण मोबदला मिळेलच असे नाही. नोंदी तपासून बिल मंजूर होईपर्यंत पैसे रखडतात. आरोग्य विभाग कामाचे लक्ष्य आणि देखरेख ठेवतो. उत्पन्नाची अनिश्चितता मात्र आशेच्या माथी येते.

सद्यस्थिती : आशांसारख्या सरकारी योजनांतील कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने केली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. महाराष्ट्रात 2021 व 2023 मधील संपांनंतर राज्याच्या मोबदल्यात वाढ झाली. मार्च 2024 मध्ये दरमहा 5,000 रुपयांची वाढ मंजूर झाली. मात्र आशांचा स्वयंसेविका हा दर्जा बदलला नाही.