इराणी राष्ट्र कोणाचे? रस्त्यावरची एकी आणि दाराबाहेरची माणसे

इराणमध्ये लोक रस्त्यावर उतरले की आपल्याकडे दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. एक गट म्हणतो, बघा, त्यांच्या धर्मात बायकांचे काय हाल आहेत! दुसरा गट म्हणतो, हे सगळे अमेरिकेचे कारस्थान आहे. पहिल्याला इराणी स्त्रीची काळजी नसते, त्याला इथल्या मुसलमानाला झोडपायला काठी हवी असते. दुसऱ्याला इराणी माणूस स्वतःच्या डोक्याने विचार करतो हेच मान्य नसते. आपल्या चळवळीतल्या तरुणांच्या मनात आणखी एक चित्र असते. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त आर्यभटांना इराणातून आलेले म्हटले, म्हणून इराण म्हणजे आर्यांचे मूळ ठिकाण, आणि विषय संपला. पण बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धान्तच नाकारला होता, हे आपण विसरतो.

या तिन्ही चित्रांत इराणचा सामान्य माणूस कुठेच नाही. म्हणून आम्ही इथे इराणचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास एकाच प्रश्नाभोवती मांडत आहोत. प्रत्येक मोठ्या आंदोलनात 'सगळे राष्ट्र एक झाले' असे सांगितले गेले. मग विजय मिळाल्यावर दाराबाहेर कोण राहिले?

याझ्दच्या गल्लीतला विटाळ

सुरुवात तेहरानपासून नको, याझ्दपासून करू. मुंबई-पुण्यातली इराणी हॉटेले ज्यांनी उभी केली ते झरथुष्ट्री लोक मुख्यतः याझ्द आणि केरमान या भागांतून आले. ते केवळ धंद्यासाठी आले नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या याझ्दमध्ये झरथुष्ट्री माणूस 'नजिस' म्हणजे अपवित्र मानला जाई. त्याने रंगीत कपडे घालायचे नाहीत, पिवळट किंवा न रंगवलेले घालायचे. मुसलमान समोर आला तर जनावरावरून खाली उतरायचे. घर उंच बांधायचे नाही, छत्री वापरायची नाही, बाजारात खाण्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही. अनेक शहरांत ज्यूंना पावसात बाहेर पडायला बंदी होती. का? तर त्यांच्या अंगावरून ओघळलेले पाणी रस्ता बाटवील म्हणून!

यातली एकेक गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते. पण घाईने 'तिथेही अस्पृश्यता होती' असे म्हणून मोकळे होणे आम्हाला बरोबर वाटत नाही. नजिसपणा धर्माशी बांधलेला होता. माणूस मुसलमान झाला की त्याचा विटाळ संपे. उलट धर्म बदलणाऱ्याला घरच्या सगळ्या वारसाहक्कावर दावा सांगता येई, आणि हे आमिष कुटुंबे फोडायला वापरले जाई. आपल्याकडची जात मात्र धर्म बदलला तरी बदलणाऱ्याचा पिच्छा सोडत नाही. दोन्ही अन्याय आहेत, पण त्यांची यंत्रणा वेगळी आहे. यंत्रणा नीट ओळखली नाही तर लढाही चुकतो.

ही स्थिती बदलायला मुंबईचा हात लागला. इथल्या पारशांनी निधी उभारून १८५४ साली माणेकजी लिमजी हतारिया यांना इराणला पाठवले. त्यांनी शाळा काढल्या, पडझड झालेली अग्यारी-दखमे दुरुस्त केले, दरबारी खेटे घातले. अखेर १८८२ साली नासिरुद्दीन शाहाने झरथुष्ट्रींवरचा जिझिया रद्द केला. म्हणजे कर संपायला अठ्ठावीस वर्षे लागली. विटाळ मात्र फर्मानाने संपत नसतो.

हुक्क्यापासून संविधानापर्यंत

१८९० साली शाहाने तंबाखूची खरेदी, विक्री आणि निर्यात यांचा पन्नास वर्षांचा मक्ता एका इंग्रजाला देऊन टाकला. बदल्यात वर्षाला १५ हजार पौंड आणि नफ्यातला चौथा हिस्सा. तंबाखू पिकवणारा शेतकरी, विकणारा दुकानदार, ओढणारा गिऱ्हाईक, सगळ्यांच्या पोटावर किंवा सवयीवर एका सहीने पाय आला. १८९१ च्या डिसेंबरात मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने फतवा निघाला आणि देशभर लोकांनी हुक्के खाली ठेवले. शाहाच्या जनानखान्यातल्या बेगमांनीही ठेवले. १८९२ च्या जानेवारीत मक्ता रद्द झाला. नुकसानभरपाईचे पाच लाख पौंड कर्ज काढून भरावे लागले, ही गोष्ट वेगळी. रोजच्या सवयीला राजकारणाचे हत्यार करता येते, हा धडा इराणी समाज तेव्हा शिकला.

पुढचा टप्पा १९०५-०६ च्या संविधानक्रांतीचा. साखर महाग विकली म्हणून तेहरानच्या सुभेदाराने व्यापाऱ्यांच्या तळपायांवर फटके मारले आणि बाजार बंद झाला. १९०६ च्या उन्हाळ्यात बारा हजारांहून अधिक माणसे ब्रिटिश वकिलातीच्या आवारात जाऊन बसली. प्रत्येक धंद्याचा वेगळा तंबू, मोठमोठ्या कढया, आणि तंबूतंबूत संविधान म्हणजे काय यावर चर्चा. ऑगस्टमध्ये शाह नमला, मजलिस म्हणजे संसद आली.

आता दार कोणासाठी उघडले ते बघा. निवडणूक कायद्यात स्त्रियांना मत नव्हते. बाजारपेठेतल्या कारागीर संघांना प्रतिनिधित्व मिळाले, पण हमाल, मजूर, उंटवाले यांना त्यांत जागा नव्हती. निवडून येणाऱ्याला फारसी लिहिता-वाचता-बोलता आलीच पाहिजे, अशी अट होती. १९०८ साली नव्या शाहाने मजलिसवर तोफा डागल्या, तेव्हा संविधानासाठी महिनोन्महिने वेढा सोसला तो तब्रीझने. तिथल्या लोकांची मातृभाषा अझेरी तुर्की! सत्तार खान हा त्यांचा नायक.

खरी ठिणगी पडली ती समतेच्या कलमावर. १९०७ च्या पुरवणी कायद्यातील आठव्या कलमाने इराणचे लोक राज्याच्या कायद्यापुढे समान ठरवले. शेख फजलुल्लाह नूरी या बड्या धर्मपंडिताने त्याला कडाडून विरोध केला. मुसलमान आणि गैरमुसलमान समान कसे, हाच त्यांचा सवाल होता. १९०९ साली क्रांतिकारकांनी तेहरान घेतले आणि नूरींना फाशी दिली. माणूस फासावर गेला, त्याचा सवाल जिवंत राहिला.

टोपी आणि चादर

१९२५ साली रेझा शाह गादीवर आला आणि राष्ट्र वरून खाली बांधायला निघाला. आडनावे सक्तीची झाली. १९२८ साली पुरुषांचा पोशाख कायद्याने ठरला. शाळांतून फारसी हीच भाषा राहिली. कुर्द, अझेरी, बलुच मुलांची बोली वर्गाबाहेर गेली. १९३४ साली तूस येथे कवी फिरदौसीची भव्य समाधी उभी राहिली. १९३५ साली परदेशी सरकारांना 'पर्शिया' नव्हे 'इराण' म्हणा असे कळवले गेले. इस्लामपूर्व वैभव हे राष्ट्राचे खरे रूप ठरले, आणि त्यामुळे झरथुष्ट्रींना थोडा मोकळा श्वासही मिळाला. हे मान्य केले पाहिजे.

पण या राष्ट्राला माणसांची संमती नको होती. १९३५ साली मशहदच्या गोहरशाद मशिदीत पोशाखसक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९३६ च्या जानेवारीत स्त्रियांच्या चादरीवर बंदी आली. पोलीस रस्त्यात डोक्यावरचे कापड ओढून काढत. कित्येक स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. याला काही लोक स्त्रीमुक्ती म्हणतात. आम्ही म्हणत नाही. ज्या हाताने जबरदस्तीने कापड काढले जाते, त्याच हाताला उद्या ते जबरदस्तीने घालण्याची सवय लागते. रेझा शाहाच्या मुलाने १९६५ साली 'आर्यमेहर' अशी पदवी घेतली, १९७१ साली पर्सेपोलिसला राजेशाहीच्या अडीच हजार वर्षांचा थाटमाट केला. भूतकाळ जितका भव्य दाखवला गेला, तितका वर्तमानातला भुकेला माणूस दिसेनासा झाला.

चाळीस दिवसांची क्रांती

१९७८ ची क्रांती समजून घ्यायची तर शोकाचा रिवाज समजून घ्यावा लागतो. मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी लोक एकत्र जमतात. जानेवारीत कोममध्ये गोळीबार झाला. चाळीस दिवसांनी तब्रीझमध्ये शोकसभेतून उठाव झाला. आणखी चाळीस दिवसांनी याझ्दमध्ये. प्रत्येक शोकसभा नवे मृत्यू आणि नवी शोकसभा घेऊन आली. सभाबंदीला उत्तर म्हणून लोक रात्री गच्चीवर चढून घोषणा देत. तेलकामगारांनी संप केला आणि राजवटीचे कंबरडे मोडले. १६ जानेवारी १९७९ ला शाह देश सोडून गेला.

या लढ्यात चादर घेऊन उतरलेल्या अनेक स्त्रिया रोज चादर घेणाऱ्या नव्हत्या. ती शाहाच्या विरोधाची खूण होती. विजयानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच सरकारी कार्यालयांत हिजाबचा आदेश आल्याचे कळले. ८ मार्च १९७९ रोजी हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या. तेव्हा बहुतेक डाव्या संघटना काय म्हणाल्या? आधी साम्राज्यवादाशी लढू, तुमचा प्रश्न नंतर. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. 'आधी स्वराज्य, मग सामाजिक प्रश्न' असे बाबासाहेबांनाही ऐकवले गेले होते. इराणी स्त्रियांचा तो 'नंतर' पुढे असा आला की १९८३ साली हिजाब नसण्याला ७४ फटक्यांची शिक्षा कायद्यात बसली.

नव्या संविधानाच्या तेराव्या कलमाने झरथुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती यांना मान्यता दिली. बहाई नावाचा मोठा अल्पसंख्य समाज कागदावरूनच गायब! मान्यता मिळालेल्यांची स्थितीही पाहा. याझ्द नगरपरिषदेवर २०१७ साली निवडून आलेल्या सेपंता निकनाम या झरथुष्ट्री सदस्याला, बिगरमुसलमान मुसलमानांसाठी निर्णय कसा घेणार, असे म्हणून निलंबित केले गेले. २०१८ साली ते परत आले खरे, पण नूरींचा १९०७ चा सवाल एकशे दहा वर्षांनी त्याच याझ्दमध्ये पुन्हा उभा राहिला होता.

रोजचे जगणे हाच मोर्चा

दरम्यान सामान्य लोक काय करत होते? नवरोझ साजरा करत होते. इस्लामपूर्व सण म्हणून नव्या सत्तेला तो खुपत होता, पण लोकांनी सोडला नाही. वर्षाच्या शेवटच्या मंगळवारी रात्री आगीवरून उड्या मारायच्या, तेराव्या दिवशी घर बंद करून मोकळ्या हवेत जेवायला जायचे, हे चालूच राहिले. डोक्यावरचा रुमाल दरवर्षी बोटभर मागे सरकत राहिला. या गोष्टींना कोणी आंदोलन म्हणत नाही. पण ज्या देशात कपड्यावर पोलीस नेमले जातात, तिथे बोटभर रुमालही राजकीय असतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये साक्केझ या कुर्दी शहरातली २२ वर्षांची महसा अमिनी तेहरानमध्ये हिजाबच्या कारणावरून पकडली गेली आणि कोठडीतून दवाखान्यात जाऊन मरण पावली. कागदावर महसा, घरी मात्र जिना. तिच्या दफनाच्या वेळी उठलेली 'जिन, जियान, आझादी' म्हणजे स्त्री, जीवन, स्वातंत्र्य ही घोषणा कुर्दी स्त्रियांच्या चळवळीतली. ती तेहरानने उचलली, तब्रीझने उचलली. ३० सप्टेंबरला झाहेदानमध्ये नमाजानंतर सुन्नी बलुच निदर्शकांवर गोळीबार होऊन अनेकजण मेले. चाळिसाव्या दिवशी हजारो लोक साक्केझच्या कबरस्तानाकडे चालत गेले.

दाराबाहेर ठेवलेल्यांनी दिलेली घोषणा या वेळी राष्ट्राच्या तोंडी होती. १९०६ ला स्त्री बाहेर होती, १९३६ ला तिच्या अंगावर राष्ट्र लादले गेले, १९७९ ला तिला थांबायला सांगितले. २०२२ ला तीच पुढे होती आणि तिची भाषा सीमेवरची होती. सत्ता बदलली नाही, शेकडो माणसे मारली गेली, काहींना फाशी झाली. तरी त्यानंतर तेहरानच्या रस्त्यांवर उघड्या केसांनी चालणाऱ्या स्त्रिया दिसू लागल्या, आणि त्यांना घरात परत ढकलणे सोपे राहिले नाही.

राजा हटवणे, परकी मक्ता मोडणे, संविधान लिहिणे या मोठ्या गोष्टी आहेत. इराणने त्या आपल्या आधी आणि रक्त सांडून केल्या. पण कोणाच्या अंगावरचे पाणी बाटवते, कोणाची बोली वर्गात चालते, कोणाच्या डोक्यावर काय असावे हे जोवर दुसरा कोणी ठरवतो, तोवर 'राष्ट्र' हा शब्द काही लोकांच्याच मालकीचा राहतो. म्हणून यापुढे कोणी 'आधी देश, मग तुमचा प्रश्न' असे म्हणाले, तर त्याला ८ मार्च १९७९ ची तारीख सांगा.