गूळ मार्केट नावाचं स्टेशन

मिरजेहून येताना कोल्हापूरच्या अगदी आधी 'गूळ मार्केट' नावाचं स्टेशन लागतं. लहानपणी या नावाचं हसू यायचं. आता त्यात या फाट्याचा इतिहास दिसतो.

हा मीटरगेज फाटा कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला. १८८८ साली १३ वर्षांच्या शाहू महाराजांनी पहिली कुदळ मारली. १८९१ मध्ये गाडी धावली. १८९५ मध्ये महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार वाढला. पण गुजरातकडे निघालेला गूळ पुण्यात ब्रॉडगेजच्या वॅगनमध्ये पुन्हा चढवावा लागे. दमट हवेत पाझरणाऱ्या रव्यांना ही उतर-चढ महागात पडायची. १९७१ मध्ये ब्रॉडगेज आलं आणि ती अडचण संपली.

पुढे मात्र रेल्वे सुट्या वॅगनऐवजी अख्खी मालगाडी भरून मागू लागली. साखर, खत, सिमेंट यांना ते परवडतं. चार वॅगन गूळ असलेला अडत्या चाळीस कुठून भरणार? तो ट्रककडे वळला.

बॅच मोठी केली की खर्च उतरतो, हे मी ऑफिसात रोज सांगतो. त्यात लहान गिऱ्हाईक गळतं, हे मला या स्टेशनाच्या पाटीने शिकवलं.