लहरी चेंडू आणि शिकाऊ हात

ज्या खेळांत चेंडू अंगावर धांवून येत नाहीं, तर गवतावर निमूटपणें पडून फटक्याची वाट पाहतो, तो खेळ सोपाच असला पाहिजे, असें पाहणारास वाटतें. क्रिकेटमध्यें गोलंदाज फसवितो, टेनिसमध्यें प्रतिस्पर्धी धांवावयास लावतो. गोल्फमध्यें फसविणारा कोणीच नाहीं. लांब काठीनें एक लहानसा चेंडू टोलवीत दूरच्या हिरवळीवरील खळींत घालावयाचा. अशा अठरा खळ्या, आणि ज्याचे एकंदर फटके कमी त्याची सरशी, एवढाच काय तो खेळ. परंतु नवशिक्याची जितकी फजिती हा खेळ करतो तितकी दुसरा क्वचितच करीत असेल. सोमवारीं ज्या हातानें चेंडू बाणासारखा सरळ गेला, त्याच हातानें मंगळवारीं तो झुडपांत शिरतो. काठी तीच, मैदान तेंच, मनुष्यहि तोच! हें असें कां व्हावें, आणि व्हावयाचेंच असेल तर तें सोसावें कसें, या प्रश्नानें आजवर कित्येकांनीं काठ्या मोडल्या आहेत व कित्येकांनीं खेळच सोडला आहे. प्रश्न मात्र निदान तीनशें वर्षांचा जुना आहे.

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें टॉमस किंकेड नांवाचा वैद्यकी शिकणारा एक तरुण राहत असे. त्याची १६८७ सालची रोजनिशी उपलब्ध आहे. त्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारींत हा गृहस्थ लीथच्या समुद्रकांठच्या मैदानावर गोल्फ खेळावयास जाई आणि घरीं परत आल्यावर फटका कसा मारावा याचा कीस काढीत बसे. शरीरशास्त्राच्या अभ्यासकाला शोभेल अशीच त्याची पद्धति होती. तलवारीच्या खेळांत उभे राहतात तसें गुडघे किंचित् वांकवून उभें राहावें, पाय, पाठ व हात यांचे स्नायु ताठ ठेवावे, आणि काठी केवळ हातांनीं न फिरवितां सर्व अंगाच्या वळणानें फिरवावी, असें त्यानें ठरविलें. स्नायु ताठ ठेवण्याचा त्याचा उपदेश आजचा कोणताहि शिक्षक मान्य करणार नाहीं. परंतु त्याची दुसरी सूचना लाखमोलाची आहे. आरंभीं फटका अगदीं हलका मारावा; अंगाची ठेवण बरोबर साधली कीं मग जोर थोडाथोडा वाढवावा; आणि प्रत्येक पायरीवर संवय पक्की होईपर्यंत पुढची पायरी चढूं नये. एवढ्यावर त्याचें समाधान झालें नाहीं. त्यानें हे नियम चक्क पद्यांत गुंफले. व्याकरणाचीं सूत्रें श्लोकबद्ध करून पाठ करण्याची आपली चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या स्कॉच विद्यार्थ्याविषयीं एकदम आपलेपणा वाटल्यावांचून राहणार नाहीं. दुबळ्या गड्याला बलवानानें किती सूट दिली असतां खेळ सारखा होईल, याचाहि विचार त्यानें त्याच दिवसांत केला होता. त्याकडे पुढें वळावयाचें आहे.

किंकेडच्या फजितीचा सगळा दोष त्याच्या हातांवर टाकणें न्याय्य होणार नाहीं. त्या काळचा चेंडू म्हणजे चामड्याची पिशवी. टोपीभर पिसें उकळून मऊ करावयाचीं, तीं लोखंडी सळईनें त्या पिशवींत ठेंचून भरावयाचीं आणि तोंड शिवून टाकावयाचें. कुशल कारागिरालाहि दिवसाकाठीं असे तीन-चारच चेंडू साधत. त्यामुळें ते महाग असत. पावसांत चेंडू भिजला कीं जड होई, शिवण उसवली कीं फुटे, आणि पूर्ण गोल तर तो क्वचितच असे. १८४८ च्या सुमारास मलायांतील एका झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्च्यापासून, केलेला चेंडू आला. हिंदुस्थानच्या बाजूनें सेंट अँड्र्यूज येथें आलेल्या विष्णूच्या एका मूर्तीभोंवतीं गटापर्च्याचे तुकडे भरलेले होते व त्यांतूनच पहिला चेंडू वळला गेला, अशी एक आख्यायिका आहे. आख्यायिका रमणीय आहे. इतिहास म्हणून तिच्यावर फार भार टाकूं नये.

या नव्या चेंडूनें एक चमत्कार दाखविला. कोरा, गुळगुळीत चेंडू हवेंत थोडा जाऊन एकदम खालीं बसे. तोच चेंडू काठीच्या घावांनीं खरबरीत झाला कीं सरळ व दूर जाई. तेव्हां लोक नवा चेंडू मुद्दाम हातोडीनें टोंचून मगच वापरूं लागले. यामागील मर्म १८९० नंतरच्या दशकांत एडिंबरो विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक टेट यांनीं उलगडून दाखविलें. काठीच्या फटक्यानें चेंडू उलटा फिरतो व त्या फिरकीनें हवा त्याला उचलून धरते. हीच फिरकी जरा तिरकी झाली कीं चेंडू डावीउजवीकडे वळतो. नवशिक्याच्या दुःखाचें मूळ येथें सांपडतें. चेंडूची दिशा एका अंशानें चुकली तरी दोनशें यार्डांवर साडेतीन यार्डांचा फरक पडतो, हें साधी भूमिति सांगते; त्यांत तिरक्या फिरकीचें वळण मिळालें म्हणजे मग विचारावयासच नको. एका अंशाचा फरक हातांना जाणवतहि नाहीं. मनुष्याला वाटतें कीं आपण कालच्यासारखाच फटका मारला!

चेंडू सुधारला, तरी हात राहिलेच. १८८७ सालीं सर वॉल्टर सिंप्सन यांनीं गोल्फच्या कलेवर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा कल किंकेडच्या अगदीं उलट आहे. अंगाच्या प्रत्येक अवयवावर पहारा ठेवणारा मनुष्य चेंडू मारूं शकत नाहीं. चेंडूवर लक्ष ठेवावें आणि मारावा, असा त्यांचा झोंक आहे. हे सिंप्सन म्हणजे क्लोरोफॉर्म प्रचारांत आणणारे एडिंबरोचे विख्यात डॉक्टर जेम्स यंग सिंप्सन यांचे चिरंजीव. वडिलांनीं रोग्यांना बेशुद्ध केलें आणि मुलानें गोल्फ खेळणारांना फार शुद्धीवर राहूं नका म्हणून सांगितलें! मात्र किंकेड व सिंप्सन यांत एकच कोणी बरोबर, असें मानण्याचें कारण नाहीं. संवय लागेपर्यंत किंकेडचा मार्ग खरा आणि संवय लागल्यावर सिंप्सनांचा. नवशिक्याची अडचण एवढीच कीं, संवय लागली केव्हां हें त्याचें त्याला कळत नाहीं, आणि म्हणून तो या दोन मार्गांमध्यें हेलकावे खात असतो.

मग हेलकाव्यांनाच हिशेबांत धरावें, हा विचार पुढें आला. किंकेडला पडलेला सुटीचा प्रश्न सोडविण्यांत विलायतेंतील स्त्रियांचा वांटा मोठा आहे. १८९३ सालीं त्यांचा गोल्फ-संघ स्थापन झाला व थोड्याच वर्षांत सर्व ठिकाणीं एकाच मापानें सूट ठरविण्याची पद्धति त्यांनीं बसविली. पुरुषांना तें पुष्कळ उशिरां साधलें. या सुटीलाच हँडिकॅप म्हणतात. २०२० सालापासून जगभर जी एकच पद्धति चालू झाली तिचा नियम पाहण्यासारखा आहे. खेळाडूचे शेवटचे वीस डाव घ्यावयाचे, त्यांतील उत्तम आठ निवडावयाचे व त्या आठांवरून त्याची योग्यता ठरवावयाची. म्हणजे विसांपैकीं बारा डाव याहून वाईट जाणार, हें नियमानें आधींच गृहीत धरलें आहे. रविवारीं सकाळीं कपाळाला हात लावून बसलेल्या किती शिकाऊ गड्यांना हें ठाऊक असतें कोण जाणे.

परंतु नियम कागदावर. संताप मनांत असतो. या संतापाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील बॉबी जोन्स याचें आहे. १९०२ सालीं अटलांटा येथें जन्मलेला हा मुलगा लहानपणीं अशक्त होता. घराजवळच्या मैदानावर स्टुअर्ट मेडन नांवाचा स्कॉच वस्ताद असे. त्याच्या मागें मागें फिरून, धड्याशिवाय, केवळ पाहून त्यानें फटका उचलला. चौदाव्या वर्षीं, १९१६ सालीं, तो राष्ट्रीय सामन्यांत दोन फेऱ्या जिंकून गेला. पुढें सात वर्षें त्याला एकहि मोठा सामना जिंकतां आला नाहीं. फटके अप्रतिम, पण एक बिघडला कीं त्याचा तोल जाई. १९२१ सालीं सेंट अँड्र्यूजच्या प्राचीन मैदानावर तिसऱ्या फेरींत पहिल्या नऊ खळ्यांना त्याला ४६ फटके लागले. अकराव्या खळीशीं तो वाळूच्या खड्ड्यांत अडकला आणि चेंडू उचलून त्यानें सामनाच सोडून दिला. त्याच वर्षीं अमेरिकेंत त्यानें रागानें भिरकावलेली काठी एका प्रेक्षक स्त्रीच्या पायाला लागली, तेव्हां संघाच्या अध्यक्षांनीं त्याला पत्र लिहून सक्त ताकीद दिली.

जोन्सनें हातांत फारसा बदल केला नाहीं. बदल झाला तो हिशेबांत. समोरचा गडी हा आपला प्रतिस्पर्धी नसून मैदानानें प्रत्येक खळीला नेमून दिलेली फटक्यांची संख्या हीच खरी प्रतिस्पर्धी, असें त्यानें मनाशीं ठरविलें. ती संख्या रागावत नाहीं, घाबरत नाहीं आणि अद्भुत कांहीं करीतहि नाहीं. त्याचा समकालीन वॉल्टर हेगन तर प्रत्येक डावांत आपले सात फटके वांकडे जाणारच असें धरून चाले आणि तसा फटका गेला कीं त्याचें त्याला नवल वाटत नसे, म्हणून सांगतात.

१९२३ सालीं न्यूयॉर्कजवळील इनवुड येथें राष्ट्रीय खुल्या सामन्याच्या अखेरच्या खळीवर जोन्सनें चारांच्या ठिकाणीं सहा फटके घेतले व हातांत आलेला विजय घालविला. बॉबी क्रुइकशँकशीं त्याची बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशीं जादा डाव झाला, आणि सतरा खळ्यांपर्यंत पुन्हां बरोबरी! राहिली ती कालचीच खळी. जोन्सचा चेंडू मैदानाच्या कडेला, पुढें पाणी, आणि हिरवळ सुमारें १९० यार्ड दूर. त्यानें क्षणभरहि न थांबतां फटका मारला; चेंडू पाण्यावरून जाऊन खळीपासून थोड्या फुटांवर पडला. ७६ विरुद्ध ७८ अशा फटक्यांनीं तो जिंकला. खळी एक, मनुष्य एक, मध्यें फक्त एक रात्र.

१९२७ सालीं तो पुन्हां सेंट अँड्र्यूजला गेला आणि २८५ फटक्यांत, सहा फटक्यांच्या अंतरानें, त्यानें तेथील खुला सामना जिंकला. लोकांनीं त्याला खांद्यावर उचलून घेतलें. करंडक अमेरिकेस नेण्याचा त्याला हक्क होता. तो तेथील क्लबाकडेच ठेवावा, अशी त्यानें विनंती केली.