गुणी खेळाडूची भरती : पुणे, मुंबई आणि हार्वर्ड (१८९२–१९२३)

सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने खेळाकडे पाहावयाचे ते सामन्यांच्या निकालांसाठी नव्हे. निकाल वर्तमानपत्रांत मिळतात. संघ कसा जमविला गेला, कोणाला बोलावणे गेले, कोणाला गेले नाही आणि बोलावलेल्या माणसाशी त्याचे संघबंधू मैदानाबाहेर कसे वागले, हे प्रश्न अधिक मोलाचे होत. गुणी खेळाडूची भरती हा वरवर पाहता केवळ कौशल्याचा व्यवहार आहे. परंतु भरती करणाऱ्या संस्थेच्या मनात ‘आपला माणूस’ कोण, याची जी अलिखित यादी असते, ती एरव्ही कधी उघड होत नाही, ती या व्यवहारात उघड होते.

या विषयाचा सर्वांत गाजलेला अध्याय अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा आहे. (हा फुटबॉल आपल्याकडील पायचेंडू नव्हे, रग्बीपासून निघालेला तो निराळा खेळ आहे.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील महाविद्यालयांत विजयाची ईर्षा इतकी वाढली की, विद्यार्थ्यांतून खेळाडू निवडण्याऐवजी खेळाडू शोधून त्यांना विद्यार्थी करण्याचा प्रघात पडला. येल विद्यापीठाच्या १९०४ च्या संघाचा नायक जेम्स होगन हा सत्ताविशीतला गृहस्थ होता. त्याला शिक्षणशुल्क माफ, वसतिगृहात उत्तम खोल्या आणि शिवाय विद्यापीठाच्या परिसरात खपणाऱ्या सिगारेटींवर दलाली, असा बंदोबस्त केलेला होता. पुढे १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानने शंभराहून अधिक संस्थांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा खेळाडूंना या ना त्या रूपाने पैसा पुरविण्याची चाल बहुसंख्य ठिकाणी आढळली. हा सर्व वाद पैशाचा आणि हौशी-व्यावसायिक भेदाचा होता. आपल्याकडे त्याच काळात भरतीचा जो वाद झाला, त्यात पैसा गौण होता. तो जातीचा वाद होता.

मुंबईत हिंदूंचा पहिला क्रिकेट क्लब, ‘बॉम्बे युनियन’, १८६६ साली प्रभू समाजातील तरुणांनी काढला. त्यानंतर निघालेल्या क्लबांची नावेच पुरेशी बोलकी आहेत : गौड सारस्वत, क्षत्रिय, गुजराती युनियन, मराठा, तेलुगू यंग क्रिकेटर्स. भरतीचा प्रश्न येथे जन्मानेच निकालात निघत असे. पुढे युरोपियन व पारशी यांच्याशी बरोबरी करावयाची तर निरनिराळ्या जातींच्या क्लबांतून वेचून एक हिंदू संघ उभा करणे प्राप्त झाले, आणि मग ‘हिंदू’ या शब्दात कोणाचा समावेश होतो, हा प्रश्न टाळता येईना. धर्मपरिषदांतून तो जितका ठसठशीतपणे मांडला गेला नसेल, तितका तो निवडसमितीच्या बैठकीत मांडला गेला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

या प्रश्नाचे मूर्तिमंत रूप म्हणजे पाळवणकर बाळू. त्यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमाराचा. कुटुंब चर्मकार समाजातील. वडील लष्करी नोकरीत असल्याने बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघे भाऊ गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेट शिकले. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्लबात, खेळपट्टी झाडण्याची व रूळ फिरवण्याची, दरमहा ३ रुपयांची. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात ४ रुपयांवर गेले. त्यांच्या आयुष्यातील पहिली ‘भरती’ ती हीच : एका रुपयाच्या बढतीने एका क्लबाने दुसऱ्याचा गडी उचलला. खेळाडू म्हणून मात्र नव्हे. जाळी बांधणे, रेषा आखणे, पट्टी दाबणे, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे, ही त्यांची कामे.

डाव्या हाताने संथ फिरकी टाकणाऱ्या या गड्याची योग्यता ज्यांनी ओळखली, त्यांत कॅप्टन जे. जी. ग्रेग हे प्रमुख होत. ग्रेग त्या काळचे या देशातील अग्रगण्य फलंदाज. बाळूंनी आपल्याला बाद केले की दर वेळी ते ८ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. तथापि हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चार रुपये वेतन असणाऱ्याला एका बळीमागे आठ आणे म्हणजे महिन्याच्या मिळकतीचा आठवा हिस्सा! याहून अधिक सूचक गोष्ट अशी की, तासन् तास गोलंदाजी करून घेणाऱ्या या साहेबांपैकी कोणीही त्यांना कधी फलंदाजी करू दिली नाही. फलंदाजी हे मालकाचे काम आणि गोलंदाजी हे श्रमाचे, ही विभागणी इंग्लंडातूनच आलेली होती. आपल्याकडील वर्णव्यवस्थेशी ती बेमालूम जुळली.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांशी सामना द्यावयाचा होता आणि त्यांच्या प्रमुख फलंदाजाला रोज चकविणारा गोलंदाज गावातच होता. तरीही त्याला घ्यावे की नाही यावर दुफळी झाली. तेलुगू भाषक खेळाडू घ्यावे म्हणत, मराठी ब्राह्मण खेळाडू नको म्हणत. स्वतः ग्रेग यांनी, असला गोलंदाज वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे वृत्तपत्रातून सुचविले, असे सांगतात. प्रतिपक्षाच्या मोहऱ्याने दिलेला हा सल्ला कितपत निरपेक्ष होता, हे कोणी सांगावे! चांगल्या प्रतिस्पर्ध्याची भूक असलेल्या खेळाडूला तो सुचला असेल, इतकेच म्हणता येईल. अखेर विजयाच्या गरजेने शास्त्रावर मात केली, आणि बाळू संघात आले.

आले, पण कोठवर? मैदानात सर्वजण तोच चेंडू हाताळीत. त्यात विटाळ मानला गेला नाही. चहाच्या सुट्टीत मात्र इतर खेळाडू मंडपात बसत, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात चहा मिळे. तोंड धुवावयाचे झाल्यास त्यांच्याच समाजातील गडी कोपऱ्यात पाणी नेऊन देई. जेवण वेगळ्या पानावर, वेगळ्या जागी. चेंडू चामड्याचा असतो, ही गोष्ट या व्यवस्थेच्या पुरस्कर्त्यांच्या ध्यानी आली नसावी. सातारच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात, फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टी कित्येक दिवस दाबून ठेवली असताही, बाळूंनी ७ बळी घेतले. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. ज्यांच्याबरोबर खेळता, त्यांच्याबरोबर जेवावयास हरकत काय, असा प्रश्न तेव्हा सुधारकांनी केला. आणि तो प्रश्न चुकविणे त्यांच्या विरोधकांनाही सोपे नव्हते.

येथे हार्वर्डकडे पुन्हा वळणे उद्‌बोधक ठरेल. १८९२ साली, म्हणजे बाळू चार रुपयांवर लागले त्याच सुमारास, विल्यम हेन्री लुईस हा कृष्णवर्णीय तरुण तेथील विधी महाविद्यालयात दाखल झाला. पूर्वी गुलामगिरीत असलेल्या आईबापांचा हा मुलगा. ॲमहर्स्ट महाविद्यालयात तो आधीच फुटबॉल खेळला होता आणि तेथील संघाचा नायकही झाला होता. पात्रतेचे नियम त्या वेळी सैल असल्याने हार्वर्डलाही त्याला संघात घेता आले. १८९२ व १८९३ या दोन्ही वर्षी देशातील निवडक खेळाडूंच्या मानाच्या यादीत त्याचे नाव होते. तरीही हार्वर्डच्याच गावात, केंब्रिज येथे, एका केशकर्तनकाराने त्याचे केस कापण्यास नकार दिला. चहाचा पेला आणि नाव्ह्याची खुर्ची : मैदानाची सीमा ओलांडताच दोघांनाही जी भिंत लागली, ती एकाच जातीची होती.

पुढे मात्र दोघांचे मार्ग भिन्न झाले, आणि हा भेद माझ्या मते या विषयातील कळीचा मुद्दा आहे. लुईसने नकाराविरुद्ध कायद्याची दारे ठोठावली. समान वागणुकीच्या कायद्यात १८९३ साली केशकर्तनालयांचा समावेश होण्यास तो कारणीभूत झाला. १९११ मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांनी त्याला साहाय्यक महान्यायवादीपदी नेमले. त्याला संघाने घेतले ते विद्यार्थी म्हणून, आणि खेळ संपल्यावर पदवी त्याच्या हाती राहिली. बाळूंना संघाने घेतले ते जाळ्यामागच्या गड्यांतून. भरतीचा दरवाजा तोच दिसला, तरी त्यामागे महाविद्यालय नव्हते.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात पुण्याचीच कुरबुर पुन्हा झाली, पण संघनायक कीर्तिकर यांच्या आग्रहाने ते आत आले. उपजीविकेसाठी बी. बी. सी. आय. रेल्वेची नोकरी मिळाली आणि तिच्या संघाकडूनही ते खेळू लागले. (ज्या लोहमार्गावर आज भाईंदर, मीरा रोडची गर्दी मुंबईकडे लोटते, तो याच कंपनीचा.) खेळाडूला नोकरी देऊन संघात बांधून ठेवण्याची ही पद्धत पुढे मुंबईच्या कंपन्यांनी व बँकांनी चांगलीच रुजविली. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा संघात बाळू व शिवराम हे दोघेही बंधू होते. एव्हाना मुंबईच्या जिमखान्यात सहभोजनाचा प्रश्न पुष्कळसा मिटला होता, आणि सुधारकी पत्रांनी या विजयापेक्षा त्या पंक्तीचेच अधिक कौतुक केले.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात संघ वारंवार हरत असता बाळूंनी ११४ बळी मिळविले, सरासरी १८.८४. परतल्यावर त्यांच्या समाजबांधवांनी सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे नमूद आहे.

गोलंदाज म्हणून भरती झाली. नायक म्हणून होईना. १९१० पासून दहा वर्षे बाळूंना संघनायक करावे अशी मागणी होत राहिली. १९१३ साली नायकपद मिळालेले एम. डी. पै यांनी, हा मान ज्येष्ठ बाळूंचा होता, असे जाहीरपणे बोलून दाखविले. त्यांच्या सरळपणाला दाद द्यावी लागते. पद मात्र त्यांच्याकडेच राहिले. १९२० साली पै आजारी असताना नायकपद प्रा. दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी निवेदन काढून खेळण्यास नकार दिला. हा बहिष्कार समितीला परवडला नाही. पुढच्या सामन्यास दोघे बंधू परतले, बाळू उपनायक झाले, आणि पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाची सूत्रे त्यांनी सांभाळली. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे नायक झाले आणि संघ जिंकला. त्यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ (१९४८) हे पुस्तक या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे. मराठीतील क्रीडाविषयक आत्मकथनांत त्याचे स्थान वेगळे आहे.

बाळूंची आणखी एक भरती सांगावयाची राहिली. पुणे कराराच्या वाटाघाटींत भाग घेतलेले बाळू १९३७ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे उभे राहिले. समोर डॉ. आंबेडकर होते. संघाला पुन्हा एकदा एका नामांकित गोलंदाजाची गरज पडली होती, असे कोणी म्हणेल. मतमोजणीत डॉ. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली.