लखुजीरावांचा वाडा आणि आपलं माहेर



गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, गावचं घर पाडायचं ठरलंय. सहीला ये." वाटेत सिंदखेडराजा लागतं. म्हटलं, थांबू या.

मुंबई-नागपूर रस्त्यालगतच लखुजीराव जाधवांचा वाडा आहे. 12 जानेवारी 1598 ला जिजाऊ इथं जन्मल्या. महाद्वार अजून भक्कम उभं आहे, आत मात्र बरेचसे अवशेषच. जुन्या वाड्यांचं असंच होतं. दगडी जोतं टिकतं, लाकडी तुळया आणि माळवद आधी जातं.

तेव्हा सिमेंट नव्हतं. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, मग वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायची. कुठे कुठे त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणीही घालत. असा चुना हवा शोषत सावकाश पुन्हा दगड होतो.

आमच्या घराला एवढं कुठलं! जोतं दगडाचं, वर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती आणि धाबं. ओसरी, माजघर, धान्याचं बळद. स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी होती, म्हणून सूर्यास्ताआधीचं जेवण दिवा न लावता उरकायचं.

वाड्यात उभी असताना मला 1629 साल आठवलं. त्या जुलैत निजामशहाच्या दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यात लखुजीराव, अचलोजी आणि राघोजी ही दोन मुलं आणि नातू यशवंतराव यांना दग्यानं मारलं. जिजाऊंचे वडील, भाऊ आणि भाचा एकाच दिवशी गेले. शिवरायांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा. म्हणजे ही बातमी आली तेव्हा बाळ पोटात होतं. मी कॉमर्सची, महिने मोजायची सवय. पण हा हिशेब करताना घशात आवंढा आला. वाडा जागेवर होता, माहेर गेलं होतं.

माझं उलट आहे. घर पडणार, पण भाऊ आहे, भावजय आहे. बारा भावनांत अनित्य भावना पहिली. रोज म्हणते, पण सही करताना हात थांबलाच.

सही केली. खिडकीची सागवानी चौकट तेवढी मागून घेतली. भावजयीला म्हटलं, "नव्या स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी ठेव गं."

ती म्हणाली, "ताई, नकाशात आधीच काढलीय. चौकटही तीच बसवू, राहू द्या इथंच."